दिवस राहण्याआधी वजनाचं काय केलंत? अनुभव लिहा

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी "आधी वजन कमी करा, मग बघू" एवढंच सांगून परत पाठवलं. किती करायचं, कसं करायचं, काही नाही. घरी येऊन ती रडली. सहा वर्षांपूर्वी मीही हेच वाक्य ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरले होते, म्हणून हा धागा. तुम्ही खरोखर काय केलंत ते लिहा. जमलं नाही तेही लिहा.

आधी माझं सांगते. उंची १५५ सेंमी, वजन ७६, पीसीओडी (बीजकोशाचा विकार, त्यात अंडं वेळेवर तयार होत नाही), पाळी दोन-दोन महिने यायची नाही. मी तीन आठवडे नुसत्या सूप आणि फळांवर काढले. चार किलो उतरले, केसांचे पुंजके हातात आले आणि गणपतीपर्यंत सगळं वजन परत अंगावर. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडला. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी पीसीओडीत अंडं वेळेवर तयार होण्याची शक्यता वाढते. म्हणजे मला चार ते साडेसात किलो पुरे होते, आणि मी बसले होते ५५चं स्वप्न बघत! त्या दिवशी पहिल्यांदा हे होईलसं वाटलं.

मोठा फरक पडला तेलाने. तिघांच्या घरात महिन्याला चार लिटर लागायचं, ते दोनवर आणलं. फोडणी चमच्याने मोजून, बाटली तिरकी करून नाही. दिवसाचे सहा चहा होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहा दोनच ठेवले. सात महिन्यांत ७१ झाले, पाळी ३५ दिवसांवर आली. लेक आता चार वर्षांची आहे.

डोंबिवली, वय ३३
सकाळी साडेसातची लोकल, घरी यायला सव्वाआठ. जिम हा विषयच नाही. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीने जायचे, ती सोडून चालायला लागले. अर्धा तास एका बाजूने, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सांगतात तेवढी १५० मिनिटं होतात. पावसाळ्यात हाल झाले, तेव्हा ऑफिसच्या जिन्याने चढउतर केली. माझा खरा शत्रू संध्याकाळी सहाची भूक. स्टेशनवरचा वडापाव हातात यायचाच. आता पर्समध्ये भाजलेल्या चण्यांची डबी असते.

सांगलीजवळचं गाव, वय २९
आमच्या घरात नऊ माणसं, माझ्या एकटीसाठी वेगळं काय शिजवणार? सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास धरायचे, वाटायचं वजन उतरेल. ताटात मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळं. सासूबाई म्हणायच्या, "पोर राहायला अंगात रक्त नको व्हय?" त्यांचं खरं निघालं, हिमोग्लोबिन ८.९ होतं. वजन ८१ आणि अंगात रक्त नाही, हे दोन्ही एकाच बाईला असतं हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरात मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, वर लिंबू सुरू झालं. उपास दोन कमी केले, आणि ते सासूबाईंनीच देवापुढं सांगितलं. ज्वारीची भाकरी होतीच, फक्त आता आधी भाजी-उसळ आणि मग एक भाकरी.

ठाणे, वय ३५
वजनाचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी सेमाग्लुटाइड घेत होते. मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टरांनी ते किमान दोन महिने आधी बंद करायला लावलं आणि तोवर गर्भनिरोधक वापरायला सांगितलं. बंद केल्यावर भूक परत आली, थोडं वजनही. तेव्हा खाण्याची सवय आधीच बसवा.

लेस्टर, इंग्लंड
माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३३. इथे २०२५च्या आधी तो ३०च्या वर असेल तर फॉलिक अ‍ॅसिड (बाळाचा मज्जारज्जू नीट घडावा म्हणून घ्यायचं जीवनसत्त्व) नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅम द्यायचे, तेही दिवस राहण्याआधीपासून. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांतच मिटते, तेव्हा अनेकदा आपल्याला दिवस राहिल्याचंही कळलेलं नसतं. हा डोस मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आमच्याकडच्या एका ओळखीच्या बाईंना मधुमेह होता, त्यांनाही आधी साखर आटोक्यात आणून मगच पुढे जायला सांगितलं. कारण तेच, बाळाचे अवयव सुरुवातीच्या आठवड्यांतच घडतात.

कोल्हापूर
मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? दोन वर्षं बायकोचीच तपासणी, बायकोचंच पथ्य. माझं वजन ९४ आणि खिशात तंबाखूची पुडी. शेवटी माझी तपासणी केली, शुक्राणू कमी. नवे तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज सोडलं तरी फरक दिसायला तेवढा काळ जाणार. तंबाखू सोडली, रात्री रंकाळ्याला दोघं फेरी मारतो. तिचंही वजन तेव्हापासूनच उतरायला लागलं. आधी मी समोर बसून भजी खायचो, ती उकडलेलं खायची. आता त्याची लाज वाटते.

नागपूर, वय ३८
धागा काढणाऱ्या ताई गोड बातमीपर्यंत पोचल्या, माझं तसं नाही. ३५व्या वर्षी सुरुवात केली. दोन वर्षांत नऊ किलो कमी केले. गुडघे दुखायचे थांबले, बीपी खाली आलं. पण मूल नाही. प्रत्येक भेटीत मला वजनच दाखवलं गेलं, दुसरी तपासणी कुणी लिहून दिली नाही. नंतर कळलं, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या (गर्भनलिका) बंद आहेत. पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासण्या करायच्या असतात हे मला कुणी सांगितलंच नाही. वजन कमी करा, जरूर करा, पण त्याच्या नावाखाली बाकीचं थांबवू देऊ नका. लग्नकार्यात "बारीक झालीस, मग आता?" असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं मी सोडलंय. पुढच्या महिन्यात आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) पहिली सायकल, म्हणजे फेरी आहे.

(धागा काढणारी)
नागपूरच्या ताई, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती आणि तिचा नवरा दोघंही जाणार आहेत. प्रश्न कागदावर लिहून घेतलेत, त्यात सगळ्यात वर नळ्यांच्या तपासणीचा आहे. तुमच्या सायकलचं कळवाल ना?