अंतर्गत समितीकडे तक्रार केली म्हणून अब्रुनुकसानीची नोटीस. पुढे काय?

मृण्मयी_प
पुण्यातल्या खासगी कंपनीतल्या एका बाईंनी वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींच्या चौकशीसाठी कायद्याने नेमलेली) दिली आहे. चौकशी चालू असतानाच त्याच्या वकिलाची नोटीस आली: तक्रार मागे घ्या, सात दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर ५० लाखांचा दावा आणि शिवाय फौजदारी. तक्रारीचा मजकूर बाईंनी सहा सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला होता. नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं का? आणि अशा दाव्यांपासून वाचवणारा काही कायदा आहे का?

कोर्टकचेरी
खास अशा दाव्यांपासून वाचवण्यासाठी केलेला कायदा भारतात नाही. संरक्षण आहे, पण ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं आहे.

सात दिवसांची मुदत त्या वकिलाने ठरवलेली, कोर्टाने नव्हे. उत्तर देणं सक्तीचं नाही, तरी वकिलामार्फत चार ओळींचं द्यावं: नोटिशीतले आरोप नाकबूल, तक्रार कायद्याने नेमलेल्या समितीकडे सद्हेतूने केली आहे, बाकी हक्क राखून. प्रसंगाचा तपशील त्यात अजिबात घालू नये. नोटिशीच्या उत्तरातलं एखादं वाक्य तक्रारीतल्या वाक्याशी जुळलं नाही की उलटतपासणीत तेच पुढे येतं.

आता मुख्य मुद्दा. बोललं काय, याइतकंच ते कुठे बोललं हे महत्त्वाचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (१ जुलै २०२४ पूर्वीच्या मजकुराला जुन्या दंड संहितेचं ४९९-५००) आठव्या अपवादात सांगतं की, ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्हेतूने केलेली तक्रार ही बदनामी नाही. अंतर्गत समिती यात सरळ बसते. ग्रुपवरचा मजकूर बसत नाही. तिथे पहिला अपवाद (खरं आणि लोकहिताचं) किंवा नववा (स्वतःच्या वा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी) घ्यावा लागतो आणि ते सिद्ध करायचा भार आरोपीवर येतो. दिवाणीत मात्र मजकूर खरा असणं हाच पूर्ण बचाव आहे.

दुसरं म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६. तक्रारीचा मजकूर, दोन्ही पक्षांची नावं आणि चौकशीची माहिती जाहीर करायला बंदी आहे, भंग झाला तर नियमांनुसार ५,००० रुपये. ग्रुपवर यापुढे एक शब्दही नको. पण जुने मेसेज पुसूही नका, पुसल्याने बचावाचाच पुरावा जातो.

शिरस्तेदार
वरच्यात भर. नोटीस समितीला लेखी अर्जासोबत द्या. चौकशी चालू असताना ‘तक्रार मागे घ्या’ म्हणणारा कागद समितीच्या फायलीत असलेला बरा. त्याच अर्जात २०१३ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम दिलासा मागा: दोघांपैकी एकाची बदली किंवा बाईंना तीन महिन्यांपर्यंत रजा.

दिवाणी दाव्याची भीती असेल तर कॅव्हिएट टाका (आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टाला अर्ज; दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १४८अ), म्हणजे एकतर्फी मनाई हुकूम मिळत नाही. ते ९० दिवसच चालतं, मग नवं टाकावं लागतं, आणि हेच लोक विसरतात. शिवाय दावा बदनामी झाली तिथे किंवा प्रतिवादी राहते तिथे, कुठेही लागू शकतो. त्यामुळे ज्या ज्या कोर्टात शक्यता आहे तिथे तिथे कॅव्हिएट टाकायचं आणि समोरच्याला रजिस्टर पोस्टाने कळवायचं. दावा दाखल झालाच तर समन्स लागल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. दावा लावायची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, फौजदारीला तीन. तारखा मोजून बघा, कधी कधी दावा मुदतबाह्यच असतो.

फौजदारीत पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. फिर्याद दंडाधिकाऱ्यांपुढे होते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २२३ मुळे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. ही संधी वाया घालवू नका. समितीकडची तक्रार आणि आठवा अपवाद तिथेच मांडा. न ऐकता समन्स काढलं असेल तर ते आव्हानाला चांगलं कारण आहे. हजर राहणं जड जात असेल तर वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज (त्याच संहितेचं कलम २२८).

मृण्मयी_प
खूप उपयोगी. घरचे म्हणतात, माफी मागून मिटवा. आणि बाईंकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोर्टकचेरी
लेखी माफी म्हणजे कबुली, ती समितीपुढेही येईल. तक्रार मागे घेतली तर पुन्हा करायला मुदत अडसर होते: शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने, समितीने वाढवली तर आणखी तीन. तडजोड करायचीच तर २०१३ च्या कायद्याच्या कलम १० खाली समितीमार्फत, तीही बाईंनी स्वतः मागितली तरच, आणि पैशांच्या बदल्यात नाही. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. त्यासाठी वाईट हेतू चौकशीतून सिद्ध व्हावा लागतो (कलम १४).

पैशांचं म्हणाल तर स्त्रियांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० ला फोन.

सॅनहोजेकर
तुलनेसाठी: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून छळाबद्दल द्वेषबुद्धीविना बोलणाऱ्यांना खास संरक्षण आहे, आणि दावा लावणारा हरल्यास त्याला समोरच्याच्या वकिलाचा खर्च व झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे दिवाणी संहितेच्या कलम ३५अ खालचा खोट्या दाव्याबद्दलचा भरपाई खर्च ३,००० वरच थांबतो. ३,०००!

शिरस्तेदार
म्हणून तर इथे खटला हीच शिक्षा होते. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावरची अकबर यांची बदनामीची फिर्याद ऑक्टोबर २०१८ ची, निर्दोष सुटका १७ फेब्रुवारी २०२१ ला. दिल्लीच्या कोर्टाने त्यात म्हटलं की स्त्री आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर, दशकांनंतरही, तक्रार मांडू शकते. पण तो खालच्या कोर्टाचा निकाल आहे, अपील उच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे बंधनकारक म्हणून त्यावर विसंबू नका.

एक राहिलं, पुराव्याचं. फोन बदलू नका, गायब होणारे मेसेज बंद करा, चॅट निर्यात करून ठेवा. स्क्रीनशॉट कोर्टात देताना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग अ फोनधारकाचा, भाग ब तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा). भाग ब शेवटच्या क्षणी मिळत नाही, त्याची सोय आताच करा.