सप्ताहाला वर्गणी देतो, मग पाहणीला का नाही?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)
गेल्या आठवड्यात गावात सप्ताह झाला. मंडप, महाराजांची बिदागी, काल्याच्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, सगळं वर्गणीतून. कोणी कुरकुर केली नाही, मीही नाही. पंगतीत माझ्या शेजारी भावकीतली चार पोरं होती, चौघंही तिशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची. वाढपी ओरडला, "नवरदेवांच्या ओळीत बट्टी वाढा रे!" सगळे हसले. पोरं मान खाली घालून जेवत राहिली.

जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ ला ८८० होत्या, २०११ ला ८४२. म्हणजे आज लग्नाच्या बाजारात ८८० वाली पिढी आहे. ८४२ वाली अजून यायचीय. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता पुढची १ मार्च २०२७ च्या तारखेची. शिवाय जनगणना डोकी मोजते. दलालाला दोन लाख मोजून परराज्यातून आणलेली नवरी आठव्या दिवशी दागिन्यांसकट गेली, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? आमच्या नात्यात हे घडलं. लाजेपायी पोलिसात कोणी गेलं नाही, म्हणजे सरकारदरबारी ते घडलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच: दोन-चार गावांनी वर्गणी काढून या प्रश्नाची स्वतंत्र पाहणी करून घ्यावी. सरकारची नको, पक्षाची नको.

रावेर_केळी
भो, तुमनं म्हननं खरं शे, पन पैसा कोन देई? केळीला भाव नाही तेव्हा हे सुचतं कसं? आणि पाहणीत निघणार काय, ते सगळ्यांना माहीत आहे. सोनोग्राफीवाल्यांनी पोरी खाल्ल्या. गर्भलिंगनिदान बंदीचा १९९४ चा कायदा आहे, तो नीट राबवा, झालं.

चोपड्याची_सून
माहीत आहे म्हणता? आमच्या घरात विचारा. सासरे म्हणतात सोनोग्राफी. नणंद म्हणते पोरींना शेतकरी नवरा नकोच, पुण्यातला पगारदार हवा. मी म्हणते तीन एकराचे तीन वाटे झाल्यावर कोण बाप पोरगी देईल. तिघांनाही 'माहीत' आहे आणि तिघांचं वेगळं आहे. पहिलं खरं असेल तर वीस वर्षं वाट बघावी लागेल, तिसरं खरं असेल तर इलाज आजही करता येईल. पाहणी त्यासाठीच हवी.

रावेर_केळी
वहिनी, मुद्दा बरोबर. पैशाचं मात्र कोणी बोललं नाही.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
मी जनगणनेला दोनदा फिरलो आहे, त्यावरून हिशेब मांडतो. चारशे घरं घ्या. बाई आणि पुरुष अशी जोडी हवी, नाहीतर ओसरीवरच्या म्हाताऱ्याचं ऐकून परत यावं लागतं. नीट बोलायचं तर एका जोडीची दिवसाला सहा घरं होतात. सत्तरेक दिवसांचं काम. माणशी सातशे रुपये रोज धरला तरी लाखाच्या आसपास, वर प्रवास-छपाई. एका सप्ताहापेक्षा जास्त नाही.

एक अनुभव. एका घरी आईने मुलाचं वय तीस सांगितलं. मी त्याला पहिलीत शिकवलेलं, तो छत्तीसचा. मी काही बोललो नाही, तीसच लिहिलं. आजही टोचतं.

धुळेकर_वकील
माझा विरोध खर्चाला नाही, 'स्वतंत्र' या शब्दाला आहे. वर्गणी आली की वर्गणीदार आला. समाजाच्या मंडळाने पैसे दिले आणि निष्कर्षात 'याच समाजात मुली सर्वांत कमी' असं आलं, तर तो अहवाल कपाटातून बाहेर येईल? सरकार निदान माहितीच्या अधिकारात उत्तर देतं, समाजाचे अध्यक्ष देत नाहीत. परदेशी मदत म्हणाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा. २०२० नंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर बांधला आहे आणि एका संस्थेने दुसरीला पुढे पैसे देणंही बंद. म्हणजे लहान संस्थेची वाट तिथेच अडते.

तापीकाठ
वकीलसाहेब, पैसा कोणाचा यापेक्षा अहवाल दाबायचा हक्क कोणाकडे, हे बघा. आपल्याच भागातलं उदाहरण आहे. सरदार सरोवराला कर्ज जागतिक बँकेचं, आणि त्याची तपासणी करणारी मोर्स समितीही बँकेनेच नेमलेली. तरी १९९२ च्या अहवालात समितीने बँकेला पाऊल मागे घ्यायला सांगितलं. १९९३ ला उरलेलं कर्ज भारत सरकारने नाकारलं. अर्थशास्त्राचा अभ्यास करणारी पुण्याची गोखले संस्थाही १९३० ला उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून. आणि तुमच्याच धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुनी दफ्तरं जपायची अक्कल आपल्याला होती, जिवंत माणसांची दफ्तरं लिहायची का नसावी?

धुळेकर_वकील
मोर्स जागतिक बँकेला परत भेटणार नव्हता. तुमची पाहणी करणारा पोरगा याच गावात राहणार, त्याचंही लग्न व्हायचं असेल. हा फरक आहे. माझी अट: प्रश्नावली आणि अहवालाची तारीख आधी जाहीर करा, आणि कुठल्याही एका मंडळाचा वाटा दहा टक्क्यांच्या वर नको. एवढं झालं तर मी पहिली पावती फाडतो.

धडगावचा
इथे मोर्स निघाला म्हणून बोलतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावं त्या धरणात आली. आमच्याकडे जेवढे अभ्यासक आले तेवढे पाहुणे आले नाहीत. माझ्या आजीने किती जणांना भाकरी करून घातली. कुपोषणावरही येतात. मुलाचा दंड मोजतात, फोटो काढतात, जीप जाते. आजीला एकाही अहवालाचं पान कोणी वाचून दाखवलं नाही. तुमच्यासाठी स्वतंत्र असेल, आमच्यासाठी तो फक्त आणखी एक साहेब.

मोर्सचं महत्त्व नाकारत नाही. पण एक विचारतो. तुमच्या पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून दलाल आमच्या पाड्यांवर येऊ लागले, तर ते तुमच्या चारशे घरांत दिसेल का?

चोपड्याची_सून
नाही दिसणार. दादा, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रावेर_केळी
मग घरं चारशेवर भागत नाहीत. मास्तर, हिशेब पुन्हा मांडा. माझे पाचशे लिहा, केळी गेल्यावर देतो.

तापीकाठ
धडगावच्या भाऊंची भर मान्य. शंभर घरं सातपुड्यातली, विचारणारे तिथलेच, आणि छपाईआधी वाचन दोन्हीकडच्या ग्रामसभांत. वकीलसाहेबांच्या अटीही घेतल्या. दहा टक्क्यांवरून आमच्या मंडळात भांडण होणार, ते मी बघतो. रविवारपर्यंत प्रश्नावलीचा कच्चा खर्डा इथे टाकतो. पहिल्याच प्रश्नाला अडलोय: मुलाचं वय कोणतं लिहायचं, आधारवरचं की आईने सांगितलेलं?

निवृत्त_मास्तर_अमळनेर
दोन्ही. शेजारी-शेजारी दोन रकाने करा.