बुऱ्हाणपूरला तेव्हा आजचं औषध असतं तर?

केळीपट्टा
मी रावेर तालुक्यात नववीला इतिहास शिकवतो. गेल्या महिन्यात मुलांना एसटीने बुऱ्हाणपूरला नेलं होतं. किल्ला पाहून झाल्यावर तापी ओलांडून आहूखान्यात, म्हणजे मुघलांच्या हरणांच्या बागेत गेलो. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल बाळंतपणात गेली, आग्र्याला नेईपर्यंत तिला इथेच पुरलं होतं, असं मी सांगत होतो. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, ती तर बादशहाची बायको. मग तिला दवाखान्यात का नाही नेलं?" मी म्हटलं, तेव्हा असे दवाखाने नव्हते. तर म्हणे, "आपल्याकडचा असता तर वाचली असती का?"

मला उत्तर देता आलं नाही. परत येताना तेच डोक्यात. थोरले बाजीराव तर आपल्या शेजारीच, नर्मदेकाठी रावेरखेडीला, 28 एप्रिल 1740 ला तापाने गेले. चाळिशीही गाठली नव्हती. आजच्या औषधांनी ही माणसं वाचली असती का? कुणी जाणकाराने नीट सांगितलं तर वर्गात सांगेन.

भुसावळकर
माझ्या डोक्यात आधी माधवराव पेशवे येतात. 1772 ला थेऊरला क्षयाने गेले, वय 27. मला टीबी झाला तेव्हा माझंही वय 27 होतं. पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन, सगळी सरकारी दवाखान्यातून फुकट. लघवी लाल व्हायची, घरचे घाबरायचे. दोन महिन्यांत अंगाला मांस लागलं. आज माझी मुलगी दुसरीत आहे. माधवराव गेल्यावर वर्षाच्या आत शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी हे सगळं टळलं असतं का, हा विचार मला अजून सोडत नाही. क्षयाचा जंतूच मुळात 1882 ला सापडला, आणि त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 ला.

तेच औषध प्लेगवरही चालतं. सावित्रीबाई प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन आल्या आणि 10 मार्च 1897 ला स्वतः गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. दोन महिन्यांचं अंतर हो!

धुळ्याचा वाचक
पण मुमताज वाचली असती तर ताजमहाल झाला नसता, हेही लक्षात घ्या.

निवृत्त सिस्टर, चोपडा
सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, बहुतेक वाचली असती. पण कशाने, तेही सांगा.

मी सातपुड्याच्या पायथ्याला 31 वर्षं एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स होते. मुमताजचं हे चौदावं बाळंतपण. लग्न 1612 चं, म्हणजे 19 वर्षांत चौदा, आणि त्यातली जगली सात. कळा तीस तास चालल्या असं सांगतात, मग मूल झालं, मग रक्त. एवढं वाचलं की पुढचं मला दिसतं. वार पडली की गर्भपिशवी मुठीसारखी आवळते. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच दाबल्या जातात. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. इतक्या खेपा झालेली, तीस तास दमलेली पिशवी आवळत नाही. पोटावर हात ठेवला की सैल भिजवलेल्या कणकेसारखी लागते.

अशी एक रात्र माझ्या हातून गेली आहे. पावसाळा होता, बाईची सहावी खेप. लाइट दुपारपासून नव्हती, फ्रीज बंद, म्हणून मी ऑक्सिटोसिन, पिशवी आवळायला लावणारं इंजेक्शन, लशींच्या बर्फाच्या डब्यात ठेवलं होतं. वार पडली आणि रक्त टेबलावरून फरशीवर टपटपायला लागलं. मांडीत 10 युनिट दिलं आणि पोटावरून पिशवी चोळत राहिले. आशाताईने मोबाईलची बॅटरी धरली होती, तिचा हात थरथरत होता. बाई शुद्धीत होती, एकच विचारायची, "माय, मनं लेकरू बरं शे ना?" मग एकदम हाताखाली पिशवी कडक झाली, नारळासारखी. मला रडू फुटलं. तरी जळगावला नेल्यावर दोन बाटल्या रक्त लागलंच.

ते इंजेक्शन प्रयोगशाळेत तयार झालं 1953 ला. रक्तगट कळले 1901 ला. शाहजहानने अख्खा खजिना ओतला असता तरी 1631 ला यातलं काही मिळालं नसतं.

आणि माझं खरं दुखणं पुढे आहे. औषध शेवटच्या तासाचं असतं. मी तिच्याजवळ असते तर चौथ्या खेपेनंतरच म्हटलं असतं, बाई, आता तांबी बसवून घे, अंगात रक्त भरू दे. त्याच सुमाराला, 1630 ते 1632, खानदेश-गुजरातेत भयंकर दुष्काळ होता. बुऱ्हाणपूरच्या वस्तीत उपाशीपोटी बाळंत झालेल्या बायकाही अशाच गेल्या असणार, त्यांचं नावही राहिलं नाही.

बाजीरावांबद्दल मी बोलणार नाही. नुसत्या 'ताप' या शब्दावर गोळी देता येत नाही, आधी रक्त तपासावं लागतं.

धुळ्याच्या दादा, त्या दिवशी जन्मलेली मुलगी जगली. गौहरआरा तिचं नाव, 1706 ला गेली. पंचाहत्तर वर्षं आईवाचून काढली तिने. मला ताजमहाल म्हटलं की ती पोर आठवते.

धुळ्याचा वाचक
ताई, तिचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. माझं वाक्य मागे घेतो.

केळीपट्टा
सिस्टर, मनापासून आभार. हे नववीच्या मुलामुलींसमोर कसं मांडू? वर्गात विषय निघाला की मुली माना खाली घालतात.

निवृत्त सिस्टर, चोपडा
मूठ दाखवा, सर. डाव्या हाताची बोटं उजव्या मुठीत धरायला सांगा. मूठ घट्ट केली की बोटं पांढरी पडतात, रक्त थांबतं. सैल सोडली की लगेच लाल होतात. मुलांनाही करायला लावा, उद्या बायकोजवळ तेच असतील. आणि ज्या मुलीने विचारलं तिला विचारा, नर्सिंगला जायचं का. माझी पुस्तकं अजून माळ्यावर आहेत, मी खाली काढून ठेवते.