मदत हवी आहे: गोळीबारानंतरचं कोर्ट दाखवणारा वेस्टर्न

मंडळी, आमच्या सोसायटीत दर महिन्याला सिनेमा बघून त्यावर गप्पा होतात. या खेपेचा विषय आहे वेस्टर्नमधला, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटातला, शेरीफ किंवा मार्शल; बिल्ला लावून कायदा राखणारा माणूस. दोन सिनेमे ठरलेत, 'हाय नून' (१९५२) आणि 'रिओ ब्राव्हो' (१९५९). पहिल्यात गॅरी कूपरचा मार्शल दारोदार मदत मागत फिरतो आणि गाव पाठ फिरवतं. न्यायाधीशसुद्धा झेंडा उतरवून गाशा गुंडाळतो! हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला मुळीच पटलं नव्हतं, म्हणून त्याच्या 'रिओ ब्राव्हो'त जॉन वेनचा शेरीफ चालून आलेली मदतही नाकारतो. जोडी झकास आहे.

अडलंय तिसऱ्यापाशी. कायद्याच्या नावाने माणसं मारल्यावर बिल्लेवाल्याला कुणी जाब विचारतं का, हे दाखवणारा सिनेमा हवाय. प्रत्यक्षात तसं झालेलं आहे. अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात शस्त्र घेऊन हिंडायला बंदी होती. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ती मोडणाऱ्यांना अडवायला मार्शल व्हर्जिल अर्प निघाला; सोबत भाऊ वायट आणि मॉर्गन, शिवाय वायटचा जुगारी मित्र डॉक हॉलिडे. जेमतेम अर्ध्या मिनिटात समोरचे तिघे ठार. सिनेमावाले इथे 'समाप्त'ची पाटी लावून मोकळे होतात.

पण पुढे वायट आणि हॉलिडे कोठडीत गेले. न्यायाधीश वेल्स स्पायसरसमोर महिनाभर साक्षी चालल्या, आणि काउंटीचा शेरीफ बेहान, तोही कायद्याचाच माणूस, अर्प बंधूंच्या विरोधात बोलला. स्पायसरने सगळ्यांना सोडलं खरं, पण वायट आणि हॉलिडेला मदतीला घेतल्याबद्दल व्हर्जिलला बोलही लावला. मला तर गोळीबारापेक्षा यातच जास्त नाट्य दिसतं.

असा सिनेमा आहे का? दोन तासांच्या आत बसणारा हवा. आमच्यातले आजोबा नऊला उठून जातात.

प्रतिसाद:
'अवर ऑफ द गन' (१९६७) बघा. तुम्ही म्हणता तो गोळीबार यात अगदी सुरुवातीलाच उरकतो आणि मग कोर्ट. गंमत म्हणजे दिग्दर्शक जॉन स्टर्जेसनेच १९५७ साली याच लढतीवर सिनेमा काढला होता, आणि त्यात ती शेवटी होती. जेम्स गार्नरचा वायट पुढेपुढे वॉरंट खिशात ठेवून सूडच घेत सुटतो, त्यामुळे गप्पांना खाद्य भरपूर. लांबी दोन तासांहून कमीच आहे, आजोबांनाही चालेल.