लॅन केबल लावूनही रात्री पिंग ३०० वर का जातो?

फायबरवाला_पुणे:
नमस्कार मंडळी, घरी फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन, काम घरूनच. वायफायवर कॉल तुटायचे म्हणून १५ मीटर लॅन केबल ओढून घेतली तरी तेच. दुपारी ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, ५-६ मिलिसेकंद असतो आणि रात्री साडेआठ-नऊ वाजले की मधेच २५०, ३००, मग परत ६, परत २८०. ऑपरेटरचा माणूस येतो दुपारी, स्पीड टेस्टमध्ये ३९ दाखवतो आणि लाइन ओके म्हणून निघून जातो. रोज ९ ला अमेरिकेतल्या टीमसोबत कॉल असतो, त्यांना माझं बोलणं तुटक ऐकू जातं, आता तर चॅटवर टाइप कर म्हणतात, फार वाईट वाटतं. राउटर बदलू की कनेक्शनच बदलू?

नेटवर्क_दादा:
थांबा, अजून काहीच बदलू नका. रात्री प्रॉब्लेम चालू असताना दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) उघडा, एकीत राउटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला सतत पिंग लावा आणि दुसरीत ८.८.८.८ ला. राउटरचाच पिंग उडत असेल तर केबल, पोर्ट नाहीतर राउटर. तो १ मिलिसेकंदाच्या आत राहिला आणि फक्त बाहेरचा उडाला तर पुढे गडबड आहे. आणि पुढे म्हणजे ऑपरेटरकडेच असं नाही हं, आधी बघा त्या वेळी घरातून अपलोड किती चाललंय. मोबाइलचा फोटो बॅकअप, सीसीटीव्ही, काहीही. अपलोड भरलं की पॅकेट ऑपरेटरच्या फायबरच्या डब्यातल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रांगेत उभे राहतात. हिशोब करा, १ एमबीचा बफर म्हणजे ८० लाख बिट, ४० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद झालेच की! याला बफरब्लोट म्हणतात.

सांगलीकर:
वरचं बरोबर आहे, पण ओएनटीच्या (फायबर जिथं येते तो ऑपरेटरचा डबा) पेजवर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएममध्ये), पण बघून घ्या. उणे २० च्या आसपास असेल तर चिंता नाही, उणे २७ च्या जवळ गेली असेल तर फायबर कुठंतरी दुमडलेली असू शकते. आमच्याकडं कपाट मागं सरकवताना वायर चेपली होती आणि आम्ही दोन महिने राउटरला शिव्या घालत होतो. अजून एक, ट्रेसराउटमध्ये (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) मधल्या एखाद्या हॉपला, म्हणजे टप्प्याला, १०० दिसलं म्हणून घाबरू नका, ते राउटर पिंगला सावकाश उत्तर देतात, शेवटचा आकडा बघायचा.

फायबरवाला_पुणे:
सापडलं!! राउटरचा पिंग १ च्या खालीच होता, आरएक्स उणे १९. पण अपलोड ३८ वर चिकटलेलं. बायको साडेआठला घरी येते, तिचा फोन वायफायला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढायला लागतात (ती फील्डवर असते, साइटचे व्हिडिओ काढते), शिवाय दारावरचा कॅमेरा. बॅकअप पॉज केला आणि पिंग लगेच ६ वर. पण तिलाही ते काम रात्रीच पाठवायचं असतं हो, रोज तिला थांब कसं म्हणू?

नेटवर्क_दादा:
थांबवायची गरजच नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या, त्यात एसक्यूएम (पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) चालू करून केक ही पद्धत निवडा आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही ३६ एमबीपीएसला बांधा, म्हणजे लाइनच्या ९० टक्के. मग रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो तुमच्या कॉलच्या छोट्या पॅकेटना मोठ्या अपलोडमागे ताटकळत ठेवत नाही. वहिनींचे व्हिडिओ थोडेसेच हळू जातील. ओएनटी ब्रिज मोडला (म्हणजे तो राउटरचं काम न करता फक्त सिग्नल पुढे देतो) टाकून मागा, नाही दिला तरी त्याच्या मागे हा राउटर चालतो, फक्त घरातली सगळी डिव्हाइस, कॅमेरा धरून, याच राउटरवर आणा आणि ओएनटीचं वायफाय बंद करा, नाहीतर काही उपयोग नाही.

फायबरवाला_पुणे:
ओके, कॅमेरा आत्ता ओएनटीच्याच वायफायवर आहे, तो आधी हलवतो. शनिवारी राउटर आणतो आणि रात्री ९ चे आकडे इथेच टाकतो.