मायकल जॅक्सनची १९८४ ची टॉप्स कार्ड्स मिळालीत, ठेवू की विकू?

एडिसनकर: इकडे न्यू जर्सीत गॅरेज सेलला २ डॉलरला एक डबा घेतला, मुलाला पोकेमॉन कार्ड्स ठेवायला. घरी येऊन उघडला तर तळाशी रबर लावलेला मायकल जॅक्सनच्या कार्डांचा गठ्ठा! मागे टॉप्स (कार्ड छापणारी अमेरिकन कंपनी) आणि १९८४ लिहिलंय, काही स्टिकर्सपण आहेत. ईबेवर एकाने अशाच एका कार्डाला ४०० डॉलर लावलेत, बघून बायकोने लगेच किचन रिनोव्हेशनचा विषय काढला. खरंच एवढी किंमत असते का?

जुनाबाजार: किचनचं विसरा दादा 😀 ४०० लावलेत म्हणजे ४०० ला गेलं असं नाही, मीपण माझी सायकल लाखाला लावू शकतो. ईबेवर फिल्टरमध्ये "सोल्ड आयटम्स" टिक करा, मग खरे आकडे दिसतील, साधी कार्ड्स थोडक्या डॉलरमध्येच जातात. कारण सोपं आहे, थ्रिलर अल्बम १९८२ च्या शेवटी आला, ८४ च्या फेब्रुवारीत पठ्ठ्याने एका रात्रीत ८ ग्रॅमी नेले, त्या लाटेत टॉप्सने धो धो छापली. पहिली सिरीज ३३ कार्डांची आणि सोबत ३३ स्टिकर्स, मग दुसरी सिरीज. नंबर ३४ किंवा त्यापुढचा असेल तर कार्ड दुसऱ्या सिरीजचं.

एडिसनकर: आणि ग्रेडिंग करून घेतलं तर?

जुनाबाजार: चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईल. पीएसएवाले (ग्रेडिंग करणारी कंपनी) कार्डाची अवस्था बघून १ ते १० मार्क देतात, पण एका कार्डाला वीसेक डॉलर तरी लागतात, वर पोस्टेज. १० मिळालं तरच मजा, आणि तुम्ही म्हणताय रबर लावलेला, म्हणजे कडेला खाचा पडल्याच असणार. तेव्हा पाकिटात बबलगमची पट्टी यायची, तिला चिकटून असलेल्या कार्डावर डाग पडतो, तेही बघा. रबर काढा आधी!! पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घाला, चांगली असतील ती टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरात.

अंधेरीवाली: पैशाचं सोडा, ठेवा हो. १ नोव्हेंबर १९९६ ला एमजे अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला आला होता तेव्हा माझ्या मामाला तिकीट परवडलं नाही म्हणून तो वीरा देसाई रोडवर नुसता उभा राहून गाणी ऐकत होता, अजून प्रत्येक लग्नात सांगतो की मी एमजेचा शो बघितलाय. बघितलाय!! त्याच्यासाठी एक पाठवाल का, कसलंही चालेल, डागवालंसुद्धा

एडिसनकर: रबर काढला, दोन कार्डांवर त्याची पट्टी छापली गेलीय 😭 एकावर गमचा तपकिरी डाग आहे, ते मामांना नक्की. पत्ता मेसेज करा. स्टिकर्स मात्र चारच उरलेत, बाकीचे चिरंजीवांनी सकाळी डब्यावर चिकटवले