मदत हवी आहे: अल्गॉल तारा ठरल्या रात्री मंद का झाला नाही?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहितो आहे. सध्या गव्हाला ओलित चालू आहे आणि लाईन रात्री १० नंतरची, त्यामुळे रात्र वावरातच जाते. एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, मधल्या वेळात धुऱ्यावर बसून आकाश पाहायचं. गावाचे दिवे इथपर्यंत पोचत नाहीत. शर्मिष्ठा, ययाती हे तारकासमूह आणि कृत्तिका अगदी ठसठशीत दिसतात.

गेल्या आठवड्यात सोमवारी रात्री बाबा सोबत होते. ते अजूनही कृत्तिका आणि तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) पाहून वेळ सांगतात. वर पाहता पाहता म्हणाले, "तो वरचा तारा आज बारीक दिसून राह्यला ना रे?" मी पाहिलं तर ययातीतला अल्गॉल! एरवी तो शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाच्या अल्माक ताऱ्याच्या तोडीचा असतो. त्या रात्री १ वाजता तो त्याच्या खालच्या लहान शेजाऱ्याइतका उरला होता. अल्गॉल बदलता तारा आहे, म्हणजे त्याचं तेज कमी-जास्त होतं, हे मी वाचलं होतं, पण बाबांनी न वाचता ओळखलं. अंगावर काटा आला.

मंद होण्याचं आवर्तन साधारण २.८७ दिवसांचं, म्हणून मी तीन-तीन रात्री धरल्या. गुरुवारी १० वाजता पाहिलं, खरंच मंद होता. मग रविवारी १० ला पाहिलं तर जवळजवळ नेहमीसारखा. आणि काल बुधवारी रात्रभर काहीच नाही. आकाश स्वच्छ होतं.

अल्गॉल म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, आणि शिवाय तिथे तिसराही आहे असं वाचलं. हा तिसरा तारा मध्ये येऊन ताल बिघडवतो का? की माझंच पाहणं चुकतंय? कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

दादा, पाहणं अगदी बरोबर आहे, फक्त हिशेबात ३ तास ११ मिनिटं सुटली. आवर्तन २ दिवस २० तास ४९ मिनिटांचं आहे. म्हणजे तिसऱ्या दिवशी तारा मंद होतो, पण दर वेळी सव्वातीन तास आधी. तुमचा रात्रीचा १ धरला तर गुरुवारी ९:४९, रविवारी संध्याकाळी ६:३८ आणि बुधवारी दुपारी ३:२७. रविवारी १० पर्यंत तो सावरत आला होता. बुधवारचं ग्रहण उन्हातच झालं.

हे ग्रहणच आहे. एक तारा तापलेला, निळसर पांढरा. दुसरा थंड, नारिंगी, आकाराने मोठा पण उजेडाने फार कमी. हा मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जातो तेव्हा प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते, म्हणजे उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. उतरणं आणि चढणं मिळून सुमारे १० तास. तेजस्वी तारा मंद ताऱ्यामागून पुढे आला की मंद तारा झाकला जातो, पण ती घट इतकी थोडी की डोळ्याला कळत नाही.

तिसरा तारा यात निर्दोष आहे. तो या जोडीभोवती लांबून फिरतो, एका फेरीला सुमारे ६८० दिवस घेतो आणि आपल्या बाजूने कोणाला झाकत नाही.

ग्रहणाची ही कल्पना १७८३ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क गावातल्या जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या मुलाने मांडली. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने आवर्तनही काढलं, आणि तेही नुसत्या डोळ्यांनी, तुमच्यासारखंच रात्रीमागून रात्र पाहून. म्हणून तुमचा धागा वाचून फार आनंद झाला.

आता करून पाहा: तुमच्या १ वाजल्यापासून ८ फेऱ्या मोजा, २२ दिवस २२ तास ३२ मिनिटं होतात. येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी रात्री साडेअकराला पाहा.

प्रतिसाद २

एक भर घालतो. तो खालचा लहान शेजारी म्हणजे ययातीतलाच रो पर्सेई हा तारा, आणि तो स्वतःच बदलता आहे. काही आठवड्यांत त्याची प्रत ३.३ ते ४ च्या दरम्यान हलते. त्याच्याशी तुलना म्हणजे सैल काट्याने वजन करणं. त्रिकोण तारकासमूहाच्या टोकाचा तारा घ्या, तो ३.४ चा आहे आणि ठाम आहे. तोही मावळतीकडे झुकला की हवेने मंद वाटतो, तेवढं ध्यानात असू द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल तो बुधवार होता. ७ वाजता अंगणातून पाहिला, अल्माकच्या बरोबरीचा. १० ला मोटर चालू केली तेव्हा स्पष्ट उतरलेला. साडेअकराला तो आणि त्रिकोणाचा टोकाचा तारा, दोघांत डावं-उजवं करता येईना! बाबा शेकोटी सोडून उठले आणि मान वर करून बराच वेळ उभे राहिले. गव्हाचा एक वाफा तुंबून वाहून गेला, कोणाचं लक्षच नव्हतं. दीडला तो परत चढताना दिसला.

हिशेबाने पुढचं ग्रहण शनिवारी रात्री ८:२१ ला येतंय. गल्लीतल्या पोरांना शाळेच्या मैदानावर बोलावलं आहे. दुर्बीण नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना सहज सापडेल असा, पूर्ण उजेडापासून मंद होईपर्यंत मधल्या टप्प्यावर तुलनेला चालणारा, साधारण २.९ चा एखादा तारा सुचवाल का?